चोवीस डब्यांचा अभिप्राय

लोहाऱ्याच्या शिक्षक कॉलनीत एकही शिक्षक राहत नाही, पण बलभीमराव राहतात, आणि त्यामुळे कॉलनीचं काही अडलेलं नाही असं बलभीमरावांचं स्वतःचं मत आहे. महसूल खात्यात चौतीस वर्षं काढून, त्यातली शेवटची सहा अव्वल कारकून म्हणून मिरवून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या शालीची घडीसुद्धा मोडली नव्हती तोवर त्यांच्या ध्यानात आलं की सकाळी साडेदहा वाजता आता आपल्याकडं कुणाचंही काम नसतं. ज्या माणसाच्या टेबलापुढं चौतीस वर्षं रोज दहा-बारा माणसं कागद घेऊन ताटकळायची, त्याच्यापुढं आता एकट्या सत्यभामाबाई येऊन उभ्या राहायच्या. त्याही "पाय उचला, फरशी पुसायचीय" एवढंच सांगायला.

सहा महिने पाय उचलून झाल्यावर बलभीमरावांनी माडगं काढायचं ठरवलं.

माडगं म्हणजे भाजलेल्या हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पीठ गूळ-सुंठ घालून पाण्यात शिजवतात ते. थंडीच्या दिवसांत वाटीभर गरम माडगं पोटात गेलं की माणूस अंगावरची चादर स्वतःहून बाजूला करतो. पण हल्ली हुलगे भाजायला, दळायला, ढवळत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून बलभीमराव माडग्याचं तयार पीठ पाकिटात घालून विकणार होते. उकळत्या पाण्यात टाका, ढवळा, प्या. 'बलभीम माडगं' हे नाव, पाकिटाचा रंग आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं हे तिन्ही विषय पहिल्याच आठवड्यात निकाली निघाले होते. राहिलं होतं फक्त माडगं.

त्यासाठी सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडं त्यांनी यंत्र बघून ठेवलं. भाजणं, दळणं, मिसळणं, सगळं एकातच. उंची साडेपाच फूट, म्हणजे खुद्द बलभीमरावांहून दोन बोटं जास्त. ते ठेवायला घरात एकच जागा होती, पुढचा ग्रिलचा व्हरांडा. आणि तो व्हरांडा सातबाऱ्यावर कुणाच्याही नावावर असो, कब्जा सत्यभामाबाईंचा होता. दुपारी दोन ते चार तिथं कॉलनीतल्या सातआठ बायका जमत. मटार सोलले जात, ब्लाउजना काजं होत, सोयरिकी जुळत आणि ज्यांच्या मोडायला हव्यात त्या मोडतही. बलभीमराव टेप घेऊन व्हरांडा मोजायला लागले तेव्हा त्या आठही जणी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडं बघत राहिल्या. बलभीमराव टेप गुंडाळून आत गेले.

आता पुण्याची हर्षाली. ही त्यांची एकुलती एक लेक. एखादी वस्तू बाजारात आणण्याआधी ती लोकांना खरंच हवी आहे का, हे लोकांत जाऊन शोधून काढायचं, असं तिचं कंपनीतलं काम. ह्या कामाला पगार मिळतो हे बलभीमरावांना पटलेलं नव्हतं, पण नातेवाइकांना ते "आमची हर्षाली संशोधनात आहे" असं सांगत. त्या रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी यंत्राची बातमी फोडली.

"बाबा, किती जणांना विचारलंत?" हर्षाली म्हणाली.

"काय विचारायचं?"

"त्यांना हे हवंय का, ते."

"हवंय का म्हणजे? माडगं आहे ते!"

"म्हणूनच विचारतेय. यंत्र घेऊन झाल्यावर कळलं की कुणाला नकोय, तर काय कराल? आधी घरी थोडंसं करा, लोकांना द्या, आणि गप्प बसून बघा ते त्याचं काय करतात."

बलभीमरावांना ह्यातलं 'गप्प बसून' तेवढं खटकलं. पण स्वयंपाकघरातून सत्यभामाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी लेकीच्या साक्षीनं निकाल दिला. "असं करा. लोकांनी खरंच परत मागितलं तर घ्या माझा व्हरांडा. मी मागच्या अंगणात बसते पोत्यावर. पण न्हाय मागितलं तर ते यंत्र सोलापूरलाच राहू द्या."

"मंजूर," बलभीमराव म्हणाले. माहिती गोळा करणं! चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? जनगणना, पशुगणना, अतिवृष्टी, अवर्षण, सगळ्यांची माहिती त्यांच्या हाताखालून गेली होती. एकदा तर एकाच गावाची अतिवृष्टी आणि अवर्षण एकाच महिन्यात त्यांनी नोंदवलं होतं, आणि दोन्ही खरं होतं.

त्यांनी प्रपत्र तयार केलं. चौदा रकाने. "रकाना ७ : माडगे प्राशन केल्यानंतर समाधान झाले आहे / अंशतः झाले आहे / झालेले नाही. (लागू नसेल ते खोडावे.)" शेजारी मच्छिंद्र राहतो. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, आणि बलभीमरावांचा शाळेपासूनचा दोस्त. प्रपत्र त्याला दाखवलं तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं.

"भाऊसाहेब, कागद झकास झालाय. पण येक सांगू? इतकं खोडायला लावलं तर माणूस माडगंच खोडून टाकील."

"तुला कळत नाही. शास्त्र आहे ह्यात."

"आसंल. मग लोकांला देणार कशात? पिशवीत देऊ नका. पिशवी दिली की सरकारी वाटप वाटतंय. डब्यात द्या, घरच्यासारखं."

सल्ला चांगला होता. त्यानं पुढं काय घडणार आहे हे मच्छिंद्रालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

बलभीमरावांनी माळ्यावरून चोवीस स्टीलचे डबे काढले. हर्षालीच्या बारशाला आहेर म्हणून आलेले, सत्तावीस वर्षं कागदात गुंडाळून ठेवलेले. सत्यभामाबाईंनी आठ दिवस खपून हुलगे भाजले, गिरणीतून दळून आणले, गूळ-सुंठ मिसळली. बलभीमरावांनी त्या कामावर देखरेख केली. मग प्रत्येक डब्यात पावशेर पीठ, झाकणाखाली घडी घातलेलं प्रपत्र, आणि ते स्वतः हातात पिशव्या घेऊन दारोदार.

पहिल्याच दारात घोटाळा झाला. गोरोबांनी डबा हातात घेतला, उलटा केला आणि बुडावरचं कोरलेलं नाव वाचलं. त्यांचा चेहरा बदलला.

"भाऊसाहेब, आमचं काय चुकलं?"

"का हो?"

"ह्यो आमचाच डबा हाय. पोरीच्या बारशाला आमी दिलेला. बघा, 'गोरोबा यांजकडून.' सत्तावीस वर्षांनी आहेर परत आणून देताय?"

आपल्याकडं भांड्यावर नाव कोरून देण्याची पद्धत कुणी काढली देवाला ठाऊक, पण काढणाऱ्यानं बाजार-संशोधनाचा विचार केलेला नव्हता. गोरोबांची समजूत घालायला पाऊण तास आणि दोन कप चहा लागला. मग बलभीमरावांनी उरलेले तेवीस डबे कॉलनीच्या कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीखाली बसून उलटे करून वाचले आणि कुणाचा आहेर कुणाच्या घरी जाऊ नये ह्याचा तक्ता केला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं निवृत्तीनंतर भाऊसाहेबांनी भांड्याला कल्हईचं काम धरलं.

डबे वाटून झाल्यावर अभिप्राय येईपर्यंत वेळ फुकट जाऊ नये म्हणून ते परवान्याच्या चौकशीला धाराशिवला जाऊन आले. कचेरीत टेबलामागं निघाला दिग्विजय, त्यांच्याच हाताखाली उमेदवारी केलेला. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. मग अर्ज वाचून म्हणाला, "साहेब, हे पेय आहे का पीठ?"

"पाण्यात टाकेपर्यंत पीठ. टाकल्यावर पेय."

"रकाना एकच आहे."

बलभीमरावांनी त्याला अर्धा तास माडग्याचं स्वरूप समजावून सांगितलं. दिग्विजयनं सगळं आदरानं ऐकलं आणि अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं, 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे.' तो शेरा, ती वळणदार सही, शेऱ्याखालची ती दुहेरी रेघ, हे सगळं त्याला बलभीमरावांनीच शिकवलेलं होतं. परतीच्या एसटीत त्यांना अपमान वाटावा का अभिमान, हे येडशी आलं तरी ठरेना. तेव्हा कंडक्टरनं सांगितलं की येडशी लोहाऱ्याच्या वाटेवर लागत नाही, ते उलट्या गाडीत बसलेत.

तिसऱ्या दिवशी पहिला डबा परत आला.

ग्रिलच्या कट्ट्यावर तो सकाळी ठेवलेला सापडला. लख्ख घासलेला, झाकण शेजारी उताणं, आणि आत काहीही नाही. रिकामा! बुडाखाली त्यांच्या तक्त्यातला क्रमांक होता, अकरा. म्हणजे दोन घरं पलीकडच्या लक्ष्मम्मांचा. लक्ष्मम्मा सत्तरी ओलांडलेल्या, माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं, लोहाऱ्यात पन्नास वर्षं काढूनही रागावल्या की कानडीत रागावणाऱ्या.

बलभीमरावांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडं लहान पोराला कळतं. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात, चार शेंगा घालतात. अगदी भांडण झालेलं घरही मिठाचा खडा टाकून पाठवतं. आणि ह्या बाईंनी मोकळा डबा कट्ट्यावर आणून ठेवला! ना निरोप, ना प्रपत्र.

"विसरल्या असतील," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"विसरायला काय झालं? ठरवून केलंय. माडगं आवडलं नसेल तर रकाना सातमध्ये खोडा की! ही रीत झाली?" त्यांनी तक्त्यात अकराव्या क्रमांकापुढं 'निरंक' लिहिलं आणि त्या दिवसापासून लक्ष्मम्मांच्या दारावरून जाताना ते रस्त्याची दुसरी बाजू धरायला लागले. लक्ष्मम्मा ओट्यावरून "तम्मा, वो तम्मा" अशी धाकट्या भावाला मारावी तशी कानडी हाक मारत. बलभीमराव मोबाइल कानाला लावून कुणाशीही बोलत नसताना "हो, हो" म्हणत पुढं सटकत.

पण बाकीच्यांनी रीत सोडली नाही. चौथ्या दिवसापासून डबे यायला लागले आणि येताना भरून यायला लागले. शेंगाचटणी आली, तिळाच्या पोळ्या आल्या, भूमच्या पाहुण्यांकडचा खवा आला. त्यातच येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. आपल्या भागात येळवशीला अख्खं गाव शेतात जाऊन जेवतं, तेव्हा पुढचे तीन दिवस डब्यांतून बाजरीचे वाफवलेले उंडे आणि पालेभाज्यांची भज्जी ह्याशिवाय काही आलंच नाही. बलभीमराव प्रत्येक डबा उघडत, हुंगत, चाखत आणि तक्त्यात लिहीत. अभिप्राय खाऊन खाऊन त्यांचा पायजमा नाडीला तंग झाला. प्रपत्रंही आली. काहींनी सगळे पर्याय खोडले होते, चौघांनी आधार कार्डाची झेरॉक्स जोडली होती, एकानं 'हप्ता कधी जमा होणार' असं पाठीमागं लिहिलं होतं. बहुतेकांनी घडी तशीच ठेवून तिच्यावर पोळ्या रचल्या होत्या. पण तोंडी अभिप्राय एकमुखी होता. "लई भारी, भाऊसाहेब!" मच्छिंद्र तर कुंपणावरून ओरडला, "आमृत! दुसरा शब्दच न्हाय!"

एकच डबा काळजीत टाकणारा निघाला. समोरच्या शिवांजलीकडून आला तो. आत पीठ होतं. बलभीमरावांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि ते जागच्या जागी थिजले.

"अगं ऐकलंस का! आपली नक्कल झाली!"

"कशाची?"

"माडग्याची! कुणीतरी आपल्या आधी काढलं. हे बघ. हुलगा, गूळ, सुंठ." त्यांनी आणखी एक चिमूट घेतली आणि डोळे मिटले. "बरं आहे. पण आपल्यासारखं नाही. सुंठ जुनी आहे आणि दळण जाडसर. घाई केलीय." त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, म्हणजे फक्त दोनच उंडे गेले.

नक्कल बाजारात यायच्या आत यंत्र आणायचं, हे त्यांनी पक्कं केलं. चोवीसपैकी तेवीस घरांचं समाधान! इतकी टक्केवारी त्यांच्या खात्यात वृक्षारोपणालाही आलेली नव्हती. त्यांनी हर्षालीला फोन लावला.

"तेवीस डबे भरून आले! फक्त एक विकृत माणूस निघाला, तो वगळ."

"छान बाबा. आणि किती जणांनी परत मागितलं?"

"मागतील कसे? लाजतात लोकं."

"लाजतात म्हणूनच नकोही म्हणत नाहीत ना. बाबा, तुमच्यासमोर कोण म्हणणार, बेचव आहे म्हणून? तोंड काय बोलतं ते सोडा. हातांनी काय केलं ते जाऊन बघा. त्या पिठाचं नक्की झालं काय?"

बलभीमरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे समक्ष पंचनामा!"

"तसंच समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वही, पेन आणि पंच म्हणून मच्छिंद्र अशी तयारी करून ते निघाले. मच्छिंद्र "गुडघा दुखतोय" म्हणत होता, पण पंचाला सबब नसते.

गोरोबांकडं पहिली पाहणी. गोरोबा त्यांना थेट गोठ्यात घेऊन गेले. "हिला दिलं," ते म्हैस थोपटत म्हणाले. "परवाच व्याली. हुलगा लई चांगला की तिला. लई खूश झाली, भाऊसाहेब. तुमच्या कागदावर तिच्याच वतीनं सही केलीय म्या."

"समाधान झाले आहे, ते म्हशीचं?"

"मग खोटं लिहू व्हय?"

म्हशीनं बलभीमरावांचा हात चाटला. तिचं समाधान झालं होतं ह्यात शंका नव्हती. त्यांनी तशी नोंद घेतली.

बँकेत नोकरी करणाऱ्या दीपालीनं आधी आढेवेढे घेतले. "काका, रागावू नका हं. मी चेहऱ्याला लावते. हुलग्याचं पीठ ना, एकदम मऊ होतो चेहरा. फक्त गुळामुळे थोड्या मुंग्या येतात."

तिच्या शेजारी एकीनं ते थालिपिठाच्या भाजणीत ढकललं होतं. एकीनं उकळत्या पाण्यात टाकलं तर लाडवाएवढ्या गुठळ्या झाल्या, तेव्हा तिनं ते लाडू समजून वळूनच टाकले होते. एका घरी डबाभर पीठ काढून देवघराच्या फळीवर ठेवलेलं होतं, "भाऊसाहेबांनी स्वतः आणून दिलेलं, वापरायला मन होत न्हाय." बलभीमरावांना ह्या घरचं सगळ्यात जास्त लागलं.

शिवांजलीकडं नक्कल उघडकीला आली. "तुमचा डबा भरून द्यायला घरात काहीच नव्हतं काका," ती ओशाळून म्हणाली, "तर किराणावाल्या बसवेशकाकांकडून आमच्या डब्यात ते पीठ आलेलं होतं, तेच घातलं."

बसवेशच्या दुकानात गेल्यावर तो म्हणाला, "मला तर ह्यांच्याकडून आलं," आणि त्यानं बोट दाखवलं ते पंचाकडं.

मच्छिंद्र दुकानातल्या तुरीच्या पोत्याकडं असा बघायला लागला, जणू आयुष्यात तूर पाहिलीच नव्हती.

"मच्छिंद्रा?"

"भाऊसाहेब," मच्छिंद्र शेवटी म्हणाला, "मला हुलगा पचत न्हाय. ल्हानपणापासून न्हाय पचत. पर तुमी इतक्या हौसेनं आणला डबा. दारात उभं राहून असं बघत हुता माझ्याकडं. कसं म्हणू नको?"

"आणि अमृत?"

"ते दोस्तीचं बोललो. माडग्याचं न्हाय."

म्हणजे ज्या मालाची सुंठ जुनी आणि दळण जाडसर होतं, तो माल तीन घरं हिंडून आपल्याच घरी परत आला होता. बलभीमरावांनी हेही लिहून घेतलं. पेन जरा जड झालं होतं, पण लिहिलं. मग ते मच्छिंद्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, चहा पाजतो तुला. हुलग्याचा नाही." मच्छिंद्राच्या गुडघ्याचं दुखणं तिथंच थांबलं.

घरी येऊन त्यांनी वही उघडून बेरीज केली. तेवीस घरं. प्यायलेली चार, तीही एकेक वाटी. परत मागणारी, शून्य. त्यांना मोह झाला नाही असं नाही. म्हशीला एक घर धरलं, देवघरातलं 'वापराधीन' धरलं, तर आकडा जरा बरा दिसला असता, आणि असा आकडा कसा बरा दिसतो हे त्यांच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. पण खोटा अहवाल त्यांनी चौतीस वर्षांत सादर केला नव्हता. ते व्हरांड्यात गेले. बायकांची बैठक नुकतीच मोडली होती, सत्यभामाबाई मटाराची टरफलं गोळा करत होत्या.

"व्हरांडा तुझा," बलभीमराव म्हणाले. "कुणीही मागितलं नाही. सोलापूरला कळवतो उद्या."

सत्यभामाबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण नवरा एका रिकाम्या खुर्चीवर बसला आणि कुणीही न सांगता त्यानं पाय वर उचलून घेतले. भांडायला येणारा बलभीम त्यांना ठाऊक होता. हा असा शहाण्यासारखा गप्प बसलेला त्यांना सोसेना. "फरशी पुसत न्हाय मी आत्ता," त्या म्हणाल्या. "खाली ठेवा पाय."

तेवढ्यात ग्रिल खडखडली. बाहेर काठी टेकत लक्ष्मम्मा उभ्या होत्या. आता मोबाइल कानाला लावायलाही वेळ नव्हता.

"तम्मा, माझा डबा कुठाय?"

"तुमचा कुठला?" बलभीमरावांचा आवाज चढला. साऱ्या दिवसाच्या रागाला बाहेर यायला ही बरी वाट सापडली. "आमचा डबा तो! रिकामा आणून ठेवलात. मोकळा! आम्ही काय वाईट केलं होतं तुमचं? मिठाचा खडा तरी टाकायचा!"

लक्ष्मम्मांनी त्यांच्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

"अय्यो! रिकामा म्हणून रुसलास व्हय तू? म्हणून नऊ दिस बहिऱ्यावाणी जातोस दारावरून? आरं शाण्या, मोकळा डबा कशाला ठिवतात दुसऱ्याच्या कट्ट्यावर?"

"कशाला?"

"भरून द्यावा म्हणून!"

सत्यभामाबाईंच्या हातातलं एक टरफल खाली पडलं.

"सगळ्यांनी भरून धाडलं आसंल तुला," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "भरून धाडला की संपलं. तुझंबी न्हाय, माझंबी न्हाय, फिटंफाट. मला संपवायचं नव्हतं. पाच दिसाचं माडगं दोन दिसांत पिले म्या. दात न्हायत, सकाळी दुसरं काय जातंय? माझी आई करायची आळंदला, त्याची चव हाय त्याला. मग डबा घासला, तुझ्या कट्ट्यावर ठिवला. आता ह्या वयात तोंड उघडून मागू का, दे रे बाबा वाटीभर म्हणून? कळतंय की ज्याला अक्कल हाय त्याला."

"मग हाका मारत होता त्या..."

"शिव्या द्यायला. आणि कागद चूक हाय तुझा. उकळत्या पाण्यात टाका म्हणतोस, ही एवढी गुठळी होतीय! आधी गार पाण्यात कालवायचं, मग ओतायचं. गूळ लई. सुंठ कमी. मीठ तर तू घातलंच न्हाय. मिठाबिगर माडगं असतंय का, तम्मा?"

बलभीमराव उठून उभे राहिले होते. चौदा रकाने, चोवीस प्रपत्रं, येळवशीचे उंडे आणि एक म्हैस एवढं करून जे हाती लागलं नव्हतं, ते ही बाई काठी आपटत फुकट सांगत होती. आणि तिच्याच नावापुढं त्यांनी 'निरंक' लिहिलं होतं! त्यांना हसू फुटलं. "थांबा," ते म्हणाले, "वही आणतो. हे जरा लेखी..."

"तुझ्या कागदानं चूल पेटवली म्या," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "डबा भर आधी."

डबा भरला गेला. उरलेलं सगळं पीठ त्यात गेलं, वर सत्यभामाबाईंनी सुंठ किसून घातली आणि मिठाची चिमूट टाकली. लक्ष्मम्मा काठी टेकत गेल्यावर बलभीमरावांनी पुण्याला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. हर्षाली इतकी हसली की तिच्या शेजारच्या टेबलावरच्यांनी काय झालं म्हणून विचारलं.

"बाबा, तेवीस कौतुकं सोडून द्या. तुम्हाला एक गिऱ्हाईक मिळालंय. खरंखुरं!"

"एका गिऱ्हाइकासाठी साडेपाच फुटी यंत्र?" बलभीमरावांनी सत्यभामाबाईंकडं बघत विचारलं.

सत्यभामाबाईंनी व्हरांड्याकडं नजर टाकली. मग त्या कोपऱ्यात गेल्या आणि पायाच्या अंगठ्यानं एक फरशी दाखवली. "एका रिकाम्या डब्याला एक फरशी. ही तुमची. घरच्या कढईत भाजा, गिरणीत दळा. जसे नव्या घरचे रिकामे डबे येतील तशा फरश्या वाढवून देईन. साऱ्या व्हरांड्याइतके आले तर आणा तुमचं यंत्र."

बलभीमरावांनी लगेच खडू आणून त्या फरशीच्या चारी बाजूंनी रेघ मारली. हद्द कायम केलेली बरी असते. मोजणीचे वाद पिढ्यान् पिढ्या चालतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी साडेदहाला ते त्या फरशीवर स्टूल टाकून, धुतलेला सदरा घालून बसले. एका फरशीवर स्टुलाचे तीनच पाय मावत होते, चौथा अतिक्रमणात होता. ग्रिल वाजली. लक्ष्मम्मा आल्या. हातात डबा, लख्ख घासलेला, आणि देवाच्या कृपेनं रिकामा. बलभीमरावांनी तो उलटा करून बघितला, आत हात फिरवून बघितला. मिठाचा खडासुद्धा नव्हता.

"आणि हिलाबी पायजे," लक्ष्मम्मा म्हणाल्या. त्यांच्या मागं पलीकडच्या गल्लीतल्या बनाबाई होत्या. बलभीमरावांनी तिकडं एकही डबा दिलेला नव्हता. ना प्रपत्र, ना विनंती. त्या स्वतःचाच डबा घेऊन आल्या होत्या, आणि तोही मोकळाच. दोघींनी डबे एकदमच पुढं केले.

बलभीमराव स्टुलावर ताठ झाले. खिशातलं पेन काढून त्यांनी त्याचं टोपण उघडलं. मग वर्षभरात जे म्हणायची पाळी आली नव्हती ते, घसा खाकरून, साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाले.

"गर्दी करू नका. रांगेनं या."

आत सत्यभामाबाईंनी ते ऐकलं. त्या पदर खोचत बाहेर आल्या, दुपारच्या बैठकीची सतरंजी त्यांनी एक फरशी मागं ओढून घेतली, आणि मोकळी झालेली फरशी ओल्या फडक्यानं पुसून ठेवली.